इज्जत कोणाची गेली?

बारामतीची एमआयडीसी असो की इंदापूरची लोणी देवकर, आमच्या मोहल्ल्यातल्या मुली पाळीला जातात. कुणा सुपरवायझरने हात धरला, नकार दिल्यावर हजेरी कापली, असे मुलगी घरी सांगते तेव्हा आम्ही काय म्हणतो? "उद्यापासून घरी बस. इज्जतीचा सवाल आहे!" रोजी बुडाली मुलीची. तो मात्र दुसऱ्या दिवशी दुसरीच्या मशीनपाशी उभा! मग इज्जत कोणाची गेली?

हजरत खदीजा (रजि.) यांच्या तिजारतीचे दाखले देणारे आम्ही, कमावत्या मुलीच्या पाठीशी का उभे राहत नाही?

१९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ साली कायदा झाला. दहा कामगार असले की अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष बाईच. ठेकेदाराकडची बाईही त्यात येते. तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. अर्ज तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे देता येतो. मुदत तीन महिने. ती आम्ही 'लोक काय म्हणतील' यात घालवतो.

जुम्याला चंद्याचा हिशेब वाचतो, तसा हा कायदाही वाचू या. मुलीला घरी बसवण्याआधी तिच्याबरोबर अर्ज लिहायला बसू या.