बूस्टर घेऊनही कोविड झालाच ना? मग उपयोग काय?

अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-बाबांना "तिथे गेल्यावर कोविडची नवी लस घ्या" म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं : "आमचे तीन डोस झालेत. आणि शेजारच्यांना बूस्टर घेऊनही कोविड झालाच ना?"

झाला असेल. पण ते घरी बरे झाले की आयसीयूत गेले, हे विचारलंत का? लसीची खरी परीक्षा तिथे असते.

दंडात घेतलेल्या लसीने रक्तात अँटिबॉडीज वाढतात. नाका-घशात त्यांचा पहारा कमी पडतो आणि काही महिन्यांत त्या घटतातही. म्हणून सर्दी-तापाचा कोविड होतो. आजार गंभीर होऊ न देणारं संरक्षण मात्र त्याहून जास्त टिकतं.

तुमचा तिसरा डोस बहुधा २०२२ मधला, तोही २०२० च्या मूळ विषाणूवर बेतलेला. विषाणू त्यानंतर ओमायक्रॉन आणि जेएन.१ पर्यंत बदलत गेला. अमेरिकेत २०२४-२५ ची लस जेएन.१ च्या कुळावर बेतलेली होती. तिथल्या सीडीसीच्या पाहणीत, प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या ६५ वर्षांवरील लोकांत इस्पितळात दाखल होण्याचा धोका तिने सुमारे ४५ टक्क्यांनी कमी केला.

"फक्त ४५?" अहो, हे परीक्षेतले गुण नव्हेत! तुलना ज्यांच्याशी केली, त्यांतल्या बहुतेकांना जुन्या डोसांचं किंवा आधीच्या संसर्गाचं संरक्षण होतंच. त्यावरचा हा जादा फायदा आहे. नवी लस न घेता जिथे १०० ज्येष्ठ दाखल झाले असते, तिथे ती घेतल्यावर साधारण ५५.

दोष एकट्या तुमचा नाही. २०२१ मध्ये "लस घ्या, कोविड होणारच नाही" असं छातीठोकपणे सांगणारे कमी नव्हते. आजचा अविश्वास हे त्याचंच फळ. म्हणून हेही स्पष्ट सांगतो : पंचविशीतल्या धडधाकट माणसाला दरवर्षीच्या बूस्टरचा फायदा थोडाच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही नव्या लसींची मान्यता ६५ वर्षांवरील आणि जोखमीचे आजार असलेल्या लोकांपुरतीच ठेवली.

तुम्ही त्या गटात असाल, तर वेळ साधा. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि पहिले काही महिने ते सर्वांत चांगलं असतं. तिथे हिवाळ्यात रुग्ण वाढतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. उशिरा पोहोचलात, तर पोहोचल्यावर लगेच घ्या. फ्लूची लस त्याच दिवशी चालते. नुकताच कोविड होऊन गेला असेल, तर तीन महिने थांबता येतं.

पण "पुढची, आणखी नवी लस आली की बघू" म्हणत बसू नका. विषाणू तुमच्यासाठी थांबणार नाही. मधुमेह, हृदयविकार, किडनीचा आजार किंवा कॅन्सरचे उपचार असतील, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि प्रवास विम्यात लसीचा खर्च बसतो का, तेही विचारून ठेवा.