धडक म्हणजे गुणवत्ता नव्हे



टोरंटोजवळ स्थायिक झालेल्या माझ्या एका शाळासोबत्याने परवा मुलाचा आइस हॉकीचा व्हिडिओ पाठवला. मुलगा पंधरा वर्षांचा, सहा फुटी, फॉरवर्ड. तीन मिनिटांत गोल एक आणि धडका अकरा. खाली प्रश्न : "कोच म्हणतो, पोरगा एनएचएलपर्यंत जाईल. डॉक्टर म्हणून तुला काय वाटतं?"

मला जे वाटतं ते त्याला आवडलं नाही. तरी लिहितो, कारण परदेशात मुलांना हॉकीला घालणारे आपले बरेच लोक आहेत.

आधी अंगकाठीबद्दल. मुलांची उंची साधारण १३-१४ व्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. पण कोणाची वाढ लवकर सुरू होते, कोणाची उशिरा. त्यामुळे एकाच वयोगटातल्या दोन मुलांत शारीरिकदृष्ट्या दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं. त्यात कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. वरच्या दर्जाच्या ज्युनिअर संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त असतात, हे संशोधकांनी १९८० च्या दशकातच दाखवलं आहे. म्हणजे पंधराव्या वर्षीच्या धडका मोजणारा माणूस बऱ्याचदा गुणवत्ता मोजतच नसतो. तो हार्मोन्स आणि कॅलेंडर मोजत असतो. अठराव्या वर्षी बाकीची मुलं उंचीने गाठतात आणि 'दांडगा' मुलगा एकदम साधा दिसू लागतो.

आता डोक्याबद्दल. ब्रेट लिंड्रॉस हा असाच धडाकेबाज फॉरवर्ड. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. एनएचएलचे अवघे ५१ सामने खेळून, वारंवार झालेल्या कन्कशनमुळे, १९९६ मध्ये विसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. त्याचा थोरला भाऊ एरिक सहा फूट चार इंच, १९९१ च्या ड्राफ्टमध्ये पहिला, १९९५ ची हार्ट ट्रॉफी त्याच्याकडे. त्याची कारकीर्दही डोक्याच्या दुखापतींनीच पोखरली.

यात आश्चर्य काहीच नाही. व्यायामाने दंड कमावता येतो, मेंदू कमावता येत नाही. मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो; धडकेने डोकं झटक्यात हललं की तो आत हादरतो. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण हा हादरा थांबवू शकत नाही. बहुतेक वेळा शुद्ध हरपत नाही आणि सीटी स्कॅन नॉर्मल येतो, म्हणून सगळे म्हणतात, "काही झालं नाही."

२०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ११-१२ वर्षांच्या मुलांना धडक देण्याची मुभा असलेल्या अल्बर्टात, ती नसलेल्या क्वेबेकच्या तुलनेत, कन्कशनचा धोका तिपटीहून अधिक आढळला. पुढे २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने या वयात धडकांवर बंदी घातली.

तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, हॉकी म्हणजे बुद्धिबळ नव्हे. दणकट फॉरवर्ड लागतातच." मान्य. टॉम विल्सन आहेच. पण तो टिकला तो स्केटिंग आणि गोल या दोन्हींमुळे. २०२४-२५ च्या हंगामात त्याने ३३ गोल केले. उलट पाच फूट आठ इंचांच्या मार्टिन सेंट लुईला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही, आणि २००४ ची हार्ट ट्रॉफी त्यानेच जिंकली.

तेव्हा कोचला हे विचारा :

- समवयस्क उंच झाल्यावर याच्याकडे काय उरेल?
- पक ताब्यात असताना हा मान वर ठेवून खेळतो का?
- जागा मोकळी नसताना योग्य पास देतो का?
- याला आतापर्यंत किती वेळा कन्कशन झालं, आणि पुन्हा खेळण्याची परवानगी कोणी दिली?

शेवटचा प्रश्न मी मित्राला विचारला. तो म्हणाला, "एकदा दोन दिवस डोकं दुखत होतं, उजेड सहन होत नव्हता. पण रविवारी मॅच महत्त्वाची होती."

वाचकहो, त्या रविवारी एनएचएलचा एकही स्काउट तिथे नव्हता. असता तरी माझं उत्तर तेच असतं. डोक्याला मार लागल्याचा संशय जरी आला, तरी त्याच दिवशी खेळ बंद. लक्षणं पूर्ण जाईपर्यंत आणि डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत सामना नाही. उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं किंवा गुंगी असेल तर थेट इस्पितळ गाठा.

करिअर हुकलं तर दुसरं शोधता येतं. मेंदू एकच असतो.