ठिपका कुणाच्या मालकीचा?

सय्यद हैदर रझांच्या ‘बिंदू’बद्दल स्टाफरूममध्ये विषय निघाला. एक सहकारी म्हणाले, “बघा, शेवटी आपल्या परंपरेकडेच आले.” घरी आमच्यातल्याच एकाने सुनावलं, “रझा मुसलमान उरले कुठे?”

दोघेही चित्र बघत नाहीत, दाखला तपासतात. वासुदेव गायतोंडे झेन विचारात रमले. ते बौद्ध झाले का, असं कुणी विचारत नाही. मग हा प्रश्न रझांनाच का?

रझा स्वतः सांगत : मंडला जिल्ह्यातल्या शाळेत मन लागेना, तेव्हा मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत राहायला सांगितलं. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले. कित्येक वर्षांनी तो ठिपका काळं वर्तुळ होऊन कॅनव्हासवर आला. तंत्रपरंपरेचा अर्थ त्यांनी त्यात जाणूनबुजून भरला. ते आपण का लपवावं?

मी उर्दू शिकवते. शब्दाच्या सुरुवातीला बे, ते, नून सारखेच दिसतात. नुक्ते किती आणि कुठे, यावर अक्षर ठरतं. खुशनवीस अक्षराचं माप नुक्त्यानेच घेतो. मराठीत अनुस्वारही ठिपकाच. रझांचा बिंदू नुक्त्यातून आला असं माझं म्हणणं नाही. ठिपक्यावर कुणाचा सातबारा नसतो, एवढंच.

२०१६ मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचा दफनविधी झाला. बिंदूही त्यांचा, कबरही त्यांचीच. हिशेब जुळत नसेल, तर चूक आपल्या वहीत आहे.