पत्रं किती उघडायची?



आजचा विषय वाचून घरच्यांना वाटेल की आजीचं आता काही खरं नाही. जन्म गेला समास आणि वृत्तं शिकवण्यात, आणि लिहायला बसले आहे कशावर, तर प्रोग्राममधली चूक शोधताना नेटवर्कवरची ये-जा तपासायला कुठलं साधन घ्यावं यावर! पण गेल्या पावसाळ्यात या साधनांशी माझी चांगलीच गाठ पडली. त्यातून माझं एक मत बनलं आहे, आणि मत बनलं की ते सांगितल्याशिवाय मास्तरणीला चैन पडत नाही.

आधी काय झालं ते सांगते. आमच्या मोठ्या वन्सं ९१ वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडे जुन्या घरगुती शब्दांचा साठा आहे. फडताळ, उतरंड, शिंकाळं, वळचण, मोट, नाडा. शब्द आपल्यालाही माहीत असतात, पण त्यांच्याकडे प्रत्येकामागे एक हकिगत असते. ते सगळं उतरवून घ्यायचं मी ठरवलं, आणि नातीने माझ्यासाठी एक छोटासा प्रोग्राम लिहून दिला. वन्संनी फोनवर सांगायचं, मी टंकायचं, ‘साठवा’वर टिचकी मारायची. नोंद नातीने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर जाई आणि पडद्यावर ‘साठवलं’ अशी पाटी येई. दोन महिन्यांत दोनशे चाळीस नोंदी झाल्या. यादीत नुसते शब्द दिसत, तेही ठीक होते. एके दिवशी सहज ‘वळचण’ उघडून अर्थ वाचायला गेले तर दीड ओळीनंतर काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह, आणि पुढे कोरं. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्या नोंदी एक तृतीयांशाच्या थोडं पुढे जाऊन तुटलेल्या. त्या दिवशी मी जेवले नाही.

नात शनिवारी पुण्याहून आली. तिने आधी दोन्हीकडच्या वह्या काढल्या, म्हणजे लॉग. माझ्या संगणकावरचा प्रोग्राम म्हणत होता की मी पूर्ण मजकूर पाठवला. सर्व्हर म्हणत होता की मला एवढाच मिळाला, आणि जेवढा येणार असं सांगितलं होतं तेवढाच आला. वर्गात अशी दोन मुलं समोर उभी राहिली की एक खोटं बोलतंय असं आपण धरून चालतो. इथे दोघंही खरं बोलत होते. अशा वेळी मधल्या रस्त्यावर उभं राहून बघण्याखेरीज गत्यंतर नसतं, आणि ही साधनं त्यासाठीच असतात.

पहिलं साधन ब्राउझरमध्येच असतं. (मध्यंतरी काही जण ब्राउझरला ‘न्याहाळक’ म्हणत. शब्द गोड होता, रुजला नाही.) एफ-१२ दाबायचं, नेटवर्क नावाच्या खान्यात जायचं, की त्या पानाने काय मागितलं, काय आलं, किती वेळ लागला हे सगळं ओळीने दिसतं. पूर्वी यासाठी फायरफॉक्सला फायरबग जोडावं लागे. ते २००६ साली आलं आणि २०१७ मध्ये बंद झालं, कारण तोवर ही सोय ब्राउझरांमध्येच आली होती. नातीने तीच नोंद ब्राउझरमधल्या एका पानावरून पाठवून पाहिली. पूर्ण पोचली! म्हणजे सर्व्हर निर्दोष? तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की माझा प्रोग्राम ब्राउझरमधून जातच नाही. पोस्टमनच वेगळा.

मग दुसरा प्रकार, मध्यस्थाचा. फिडलर, चार्ल्स, मिटमप्रॉक्सी ही या जातीतली नावं. प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्यामध्ये हा मध्यस्थ बसतो, दोघांचं ऐकतो आणि आपल्याला दाखवतो. कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएसची पत्रंही तो उघडू शकतो, पण त्यासाठी त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र आपल्या संगणकावर ‘हा विश्वासाचा माणूस’ म्हणून नोंदवावं लागतं. काम झाल्यावर ते काढायला बरेच जण विसरतात. नातीने तो बसवला, मी दहा नोंदी पाठवल्या, आणि मध्यस्थाची यादी रिकामी. मला वाटलं, काही जातच नाहीये. ती म्हणाली, “तसं नाही आजी, जातंय, पण याच्या दारावरून जात नाहीये.” तिने प्रोग्राम ज्या नोडवर लिहिला होता ते आपण होऊन संगणकाच्या प्रॉक्सीच्या सेटिंगकडे बघत नाही, त्याला मुद्दाम सांगावं लागतं.

तेव्हा मला जे आठवलं ते सांगते, कारण माझं मत खरं तर तिथून आलं आहे.

१९७५-७६ ची गोष्ट. नोकरीला दोन-तीन वर्षं झाली होती आणि मुलींच्या वसतिगृहाचं काम माझ्याकडे होतं. एका मुलीला बाहेरून चिठ्ठ्या येतात असा बोभाटा झाला. वरून हुकूम आला की सगळ्या मुलींची येणारी पत्रं उघडून वाचायची. साठ मुली. एक सत्र मी रोज संध्याकाळी पत्रं वाचत बसले. कुणाच्या वडिलांचं कर्ज, कुणाच्या बहिणीचं मोडलेलं लग्न, कुणाची आई माहेरी निघून गेलेली. शोधत होते ती चिठ्ठी काही सापडली नाही. ती डाकेने येतच नव्हती, दूध घालायला येणारा पोऱ्या आणून देत होता. पण जे वाचलं ते डोक्यात राहिलं. बहिणीचं लग्न मोडलेल्या मुलीशी मी जरा जास्तच हळुवारपणे बोलायला लागले, आणि तिला ते बरोबर कळलं. पुढे तिला घरून पत्र येणंच बंद झालं. तिनेच घरी लिहून कळवलं असणार. मी चांगल्या हेतूने करत होते, हुकुमाप्रमाणे करत होते, हे सगळं खरं आहे. असो.

तर मध्यस्थ हरला म्हटल्यावर नातीने वायरशार्क काढलं. या क्षेत्रातलं हे दादा साधन. जेराल्ड कोंब्स यांनी १९९८ साली ते इथेरियल या नावाने आणलं. नावाच्या हक्कावरून अडचण आल्यावर २००६ मध्ये ते वायरशार्क झालं. फुकट आहे, आणि संगणकाच्या नेटवर्कच्या दारातून जे म्हणून आत-बाहेर जातं ते सगळं उचलतं. कुठला प्रोग्राम, कुठला पोस्टमन, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जाणकार लोक म्हणतात की हे एकच नीट शिका आणि सगळीकडे वापरा. नातीचंही तेच मत होतं. तिने ते माझ्या संगणकावर सुरू केलं, काहीही न गाळता.

पडद्यावर ओळी भराभर पळायला लागल्या. आमच्या नोंदीचा मजकूर काही दिसेना, कारण तो कुलूपबंद. पण संगणक ज्यांच्याशी बोलतो त्यांची नावं बहुतेक वेळा उघडी असतात. पाकीट बंद, पण पत्ता वाचता येतो. माझ्या ब्राउझरमध्ये दोन-तीन पानं उघडी राहिली होती. एक बँकेचं, आणि एक वृद्धाश्रमाचं.

नातीने वाचलं. “आजी, हे काय आहे गं?” एवढंच म्हणाली. मला काही उत्तर सुचलं नाही.

नातलग मंडळींनी लगेच फोन उचलू नयेत. नुसती चौकशी करत होते. या विषयावर घरात बोलायचं होतंच, पण मला वाटेल तेव्हा आणि मला जमेल त्या शब्दांत. चिरंजीव, तू रविवारी येतोच आहेस, तेव्हा बोलू. इथे मुद्दा एवढाच की हरवलेल्या अर्ध्या ओळी शोधताना माझं न लिहिलेलं पत्र वाचलं गेलं, आणि वाचणारीच्या मनात काही वाईट नव्हतं.

म्हणून माझं मत असं. साधन निवडताना लोक विचारतात की जास्तीत जास्त काय दिसतं. मी म्हणते, ज्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे त्यासाठी कमीत कमी काय उघडावं लागेल, ते आधी विचारा. आणि त्याच्याही आधी, आपला संशयित कुठल्या दारातून जातो ते विचारा, नाहीतर दूधवाला निघून जातो आणि आपण डाक तपासत बसतो.

गंमत म्हणजे हे करायची सोय त्या दादा साधनातच आहे, आणि नातीला ती माहीतही होती. वायरशार्कमध्ये गाळणी दोन प्रकारच्या. एक उचलतानाची: अमुक पत्ता, अमुक पोर्ट, एवढंच घे, बाकीचं हाताला लावू नकोस. दुसरी दाखवतानाची: सगळं घेऊन ठेव, मला मात्र एवढंच दाखव. दुसरी सोयीची, म्हणून बहुतेक जण तीच वापरतात, कारण गाळणीत चूक झाली तर मागे येता येतं. पण फाईल जतन केली की झाकलेलंही सगळं तिच्यात राहतं, आणि ती फाईल पुढे कुणाला पाठवली की आपली पत्रं त्याच्याकडे जातात. तशीच टीसीपीडंप नावाची जुनी आज्ञा आहे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९८८ च्या सुमारास लिहिलेली, चित्रबित्र काही नाही, नुसता मजकूर. तिला सांगता येतं की प्रत्येक पुडक्याचे सुरुवातीचे इतकेच बाइट घे. म्हणजे पाकिटावरचा पत्ता बघ, आतलं वाचू नकोस. वसतिगृहात मला कुणी हे सांगितलं असतं तर!

ब्राउझरवाल्यांनी फार निर्धास्त राहू नये. त्या नेटवर्कच्या खान्यातली यादी ‘हार’ नावाच्या फाईलमध्ये उतरवता येते, आणि मदत मागताना ‘तेवढी हार फाईल पाठवा’ असं सर्रास सांगितलं जातं. २०२३ च्या ऑक्टोबरात ऑक्टा या कंपनीने जाहीर केलं की तिच्या ग्राहक-मदतीच्या यंत्रणेत चोर शिरले आणि ग्राहकांनी पाठवलेल्या अशा फायली त्यांनी पाहिल्या. त्या फायलींत लॉगिनच्या खुणा तशाच होत्या. त्या वापरून काही ग्राहकांच्या खात्यांत शिरताही आलं. आणि ऑक्टाचं कामच लोकांचं लॉगिन सांभाळण्याचं! क्रोमने पुढे २०२४ मध्ये या फाईलमधून अशा गोष्टी आपोआप गाळायला सुरुवात केली.

यावर नातीचं म्हणणं असं की कामाच्या घाईत, रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडलेला असताना, इतका विचार कोण करणार? आधी सगळं उचलायचं, मग बघायचं. मला तिची घाई कळते. पण दुसऱ्यांची पत्रं उघडायचा हुकूम घाईतच निघतो, हेही मी पाहिलं आहे.

शेवटी चोर पकडला तो वायरशार्कनेच, हे कबूल करते. मात्र वेगळ्या रीतीने. नातीने सर्व्हरची एक प्रत माझ्याच संगणकावर चालू केली, कुलूप न लावता. माझी पानं बंद केली. वायरशार्कला सांगितलं की संगणक स्वतःशीच बोलतो तेवढंच ऐक, आणि तेही एकाच पोर्टवरचं. मग मी एकच शब्द पाठवला, ‘वळचण’. संभाषण सलग वाचायची एक सोय त्यात आहे. ती उघडली आणि दोन मिनिटांत उलगडा झाला.

मजकुराच्या आधी एक मथळा जातो. त्यात ‘मागून इतके बाइट येताहेत’ असं लिहायचं असतं, कंटेंट-लेंग्थ म्हणतात त्याला. आमच्या मथळ्यात होतं ४. मागून गेले १२. नातीने अक्षरं मोजली होती, बाइट नाही. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना-मात्रा-अनुस्वाराला वेगळे तीन. सर्व्हरने इमानाने चार बाइट घेतले: ‘व’चे तीन आणि ‘ळ’चा एक. त्या एका बाइटचं झालं काळं प्रश्नचिन्ह. स्पेसला एकच बाइट लागतो, म्हणून लांब नोंदी एक तृतीयांशाच्या थोडं पुढपर्यंत पोचत. उरलेले आठ बाइट सर्व्हरला नवं पत्र वाटलं, ते त्याला वाचता येईना, म्हणून त्याने मागून ‘४००, चुकीची विनंती’ असं उत्तरही पाठवलं होतं. पण आमचा प्रोग्राम पहिलं ‘२००’ बघूनच ‘साठवलं’ची पाटी लावून मोकळा. ब्राउझर बाइट स्वतःच मोजतो, म्हणून तिथे सगळं सुरळीत. आणि नातीने प्रोग्राम तपासला होता तो इंग्रजीत ‘टेस्ट’ असं लिहून. चार अक्षरं, चार बाइट, शंभरपैकी शंभर! ती खूप ओशाळली. मी म्हटलं, अगं, मराठीच्या प्रोग्रामची परीक्षा इंग्रजीत घेतलीस तर असंच व्हायचं :-)

दुरुस्ती एका ओळीची निघाली. तुटलेल्या नोंदी मात्र परत आल्या नाहीत. बाकीचं कुठे ठेवलेलंच नव्हतं. मी आठवून आठवून शंभरेक पुऱ्या केल्या. उरलेल्यांसाठी रोज दुपारी चार वाजता वन्संना फोन करते. काही शब्दांच्या हकिगती त्या पुन्हा सांगतात, काहींच्या वेळी “असं मी म्हटलं होतं?” असं विचारतात. काल ‘शिंकाळं’ झालं. नात आता नोंदींची एक प्रत माझ्या संगणकावरही ठेवते, आणि काही तपासायला बसायच्या आधी दारातूनच विचारते, “आजी, पानं बंद केलीस का?”