कल्पना हेच विज्ञानकथेचे पात्र



‘विज्ञानकथेत माणसे नसतात, नुसती समीकरणे असतात’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. डॉ. जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. मोबियस पट्टीच्या (अर्धा पीळ देऊन टोके जोडलेल्या पट्टीच्या) कल्पनेतून माणसाचे डावे-उजवे उलटते; हृदयसुद्धा उजवीकडे जाते! ती पट्टी काढून टाका, कथा उरतच नाही. इथे वाचक आधी चक्रावतो आणि मग त्याला कारण उमगते. हा आनंद स्वभावचित्रणातून मिळणारा नव्हे, म्हणून तो कमी प्रतीचा कसा?

‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये तर पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते आणि इतिहासच पालटतो. १७६१ची जखम बाळगणाऱ्या मराठी मनाला यात माणूस दिसत नाही, हे मला पटत नाही.

१९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. परीक्षकांनी कथा निवडली, शास्त्रज्ञाचे नाव नव्हे. पुढे आपल्याच नाशिकच्या २०२१च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही नारळीकरांकडे होते. पत्रलेखकांनी ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह वाचावा आणि मग पुन्हा लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, नांदगाव (जि. नाशिक)