तोट्याला कुंपण

मोंढा पाहिलेल्या माणसाला भाव पडणे म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातील काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेले होते. २०२४ च्या हंगामात तेच ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकावे लागले. 'आज ना उद्या चढेल' म्हणत पोत्यांची थप्पी घरात ठेवणारे आपल्या परभणी जिल्ह्यात गावोगाव सापडतील. तीच आशा उराशी धरून आपल्यातील काही जण आता मोबाईलवर शेअर्सची खरेदी-विक्री करू लागले आहेत, ही चिंतेची बाब आहे.

शेअर घेणाऱ्याच्या हाती एक सोय असते. तिला 'स्टॉप लॉस' म्हणतात. शंभराला घेतलेला शेअर ब्याण्णववर उतरला तर विकून टाक, असे दलालाकडे आधीच नोंदवून ठेवायचे. डोके शांत असताना ठरविलेली गोष्ट घाबरल्यावरही पाळली जाते, हा तिचा मोठा गुण. भाव उतरू लागताच ब्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशीचे ऐंशी करणारे बहाद्दरही असतात. (त्यांनी ती नोंदवण्याचे श्रम तरी का घ्यावेत?)

परंतु या सोयीला विमा समजणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. ७ जानेवारी २००९ रोजी 'सत्यम'च्या रामलिंग राजूंनी हिशेबातील खोटेपणा कबूल केला आणि सुमारे १७९ रुपयांचा शेअर त्याच दिवशी ४० च्या आसपास आला. १७० ची मर्यादा घालणाऱ्याला १७० च मिळाले असतील, असे कोणी समजू नये. त्या भावाला घेणारा गिऱ्हाईक तर हवा ना! मुंबई शेअर बाजाराने ऑक्टोबर २०२३ पासून 'मिळेल त्या भावाने' विकणारा स्टॉप लॉस बंदच केला. तेथे आता किमान किती भावाला विकायचे, तेही सांगावे लागते. भाव त्याच्याही खाली उडी मारून गेला, तर शेअर अंगावर राहतो.

म्हणून पहिली मर्यादा रकमेला हवी, भावाला नंतर. 'सेबी'च्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर्सच्या वायदे-व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. स्वतःच्या कमाईतले हजार रुपये लावून पाहणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण शिष्यवृत्तीचे किंवा बी-बियाण्याचे पैसे घेऊन जो या वायद्यांत उतरतो, त्याने कोणते कुंपण घातले आहे, ते मला सांगावे.