नोंद कोणाची, अधिकार कोणाचा?

जन्माने मराठी असलेल्या, पूर्वाश्रमीच्या गायतोंडे घराण्यातील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या प्रयत्नांनी १९८६ साली मद्रासमध्ये देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम उघडकीस आला. तेव्हापासून या देशातील प्रतिबंधाची सारी रचना एका गृहीतकावर उभी राहिली. ते असे, की ज्यांना या रोगाचा धोका अधिक, ती माणसे ठरावीक जागी हुडकता येतात. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने याच हिशेबाने मुंबईचा कामाठीपुरा, पुण्याची बुधवार पेठ, सांगलीचे गोकुळनगर, महामार्गांवरचे ट्रकतळ अशा जागांवर लक्ष केंद्रित करून तेथे निरोध, तपासणी आणि समुपदेशन पोचवले. ही मेहनत वाया गेली नाही. २०१० नंतरच्या दशकात देशातील नव्या संसर्गांचे वार्षिक प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले.

परंतु ज्या भूगोलावर ही रचना उभी होती, तो भूगोलच आता विरत चालला आहे. जुन्या वस्त्यांच्या जागी उंच इमारती येत आहेत, भाडी परवडेनाशी झाली आहेत, आणि गिऱ्हाइकाशी बोलणे गल्लीच्या तोंडाशी न होता मोबाइलवर होऊ लागले आहे. समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठी बागा आणि रेल्वे स्थानकांवरून अ‍ॅपवर गेल्या आहेत. सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येत संसर्गाचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के असताना तृतीयपंथीयांत ते ३ टक्क्यांहून अधिक आणि सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांत सुमारे ९ टक्के असल्याचे सरकारी पाहणीच सांगते. अशा वेळी, ज्या जागी ही माणसे आता सापडत नाहीत, त्याच जागी आरोग्यसेवकांनी वाट पाहत बसावे, असे कोणी म्हणणार नाही. माणसे फोनवर गेली असतील, तर प्रतिबंधालाही फोनवर जाणे भाग आहे.

या मार्गाने साधण्यासारखे पुष्कळ आहे. नाव न सांगता शंका विचारता येते. १०९७ ही विनाशुल्क मदतवाहिनी हे काम आजही करते. घरच्या घरी स्वतःची प्राथमिक तपासणी करण्याच्या संचाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच केली, आणि रुग्णालयाच्या रांगेत ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने तपासणी टाळणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वर्षातून दोनदा घ्यावयाच्या लेनाकापाविर या इंजेक्शनाची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील तरुणींवर झाली, तेव्हा ते मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी औषधे ज्यांना हवीत त्यांना त्यांची वार्ता आणि पुढच्या मात्रेचे स्मरण पोचवण्यास फोनइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

एवढे मान्य करूनही एक प्रश्न उरतो, आणि तोच मुख्य आहे: या साऱ्या व्यवहाराचे जे दप्तर तयार होईल, ते कोणाच्या ताब्यात राहील? सिंगापूरसारख्या काटेकोर कारभाराच्या देशात एचआयव्हीबाधित १४,२०० जणांची नावे आणि पत्ते बाहेर फुटले, हे तेथील सरकारला २०१९ मध्ये जाहीर करावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी ग्राइंडर या समलिंगी पुरुषांच्या अ‍ॅपने आपल्या वापरकर्त्यांची एचआयव्हीविषयक माहिती दोन बाहेरच्या कंपन्यांना पुरवल्याचे उघड झाले. सुखवस्तू माणसाची अशी नोंद फुटली, तर त्याची अब्रू जाईल. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, गावी मुले ठेवून आलेल्या बाईची फुटली, तर खोली, धंदा आणि मुलांची शाळा ही तिन्ही एकाच दिवशी जाण्याचा संभव असतो. ही भीती अज्ञानातून आलेली नाही. पोलिसांच्या धाडींचा आणि शेजाऱ्यांच्या बहिष्काराचा अनुभव तिच्या मुळाशी आहे.

विश्वास कसा कमावतात, याचा धडा महाराष्ट्राला घरीच मिळालेला आहे. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने प्रतिबंधाचे काम वस्तीतल्याच स्त्रियांच्या हाती सोपवले. निरोध वाटणारी, दवाखान्यात सोबत जाणारी आणि पोलिसाशी हुज्जत घालणारी बाई एकच होती, म्हणून तिचा शब्द चालला. नव्या साधनांचा उपयोग तिच्यासारख्यांचा हात लांब करण्यासाठी व्हावा, तिला घरी बसवून पगार वाचवण्यासाठी नव्हे. कित्येकींचा स्वतःचा फोन नसतो, असला तर तो दुसऱ्याच्या नजरेखाली असतो. अनेकींना लिहिलेले वाचता येत नाही. त्यांना मराठी-कानडीत बोलणारा आवाज हवा, आणि त्या आवाजामागे ओळखीचे माणूस हवे.

कायद्याची तरतूद अपुरी आहे, असेही म्हणता येत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स अधिनियमाने तपासणीपूर्वी संमती आणि नोंदींची गुप्तता बंधनकारक केली आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना आधारपत्र देताना त्यांचा व्यवसाय दर्शवणारी कोणतीही खूण त्यात असू नये, असा स्पष्ट हुकूम दिला. ओळख न विचारता सेवा, आणि सेवेपुरतीच नोंद, हे तत्त्व त्या हुकुमात आहे; नव्या यंत्रणांच्या मसुद्यात ते पहिल्याच कलमात यावयास हवे. नाव आणि आधार क्रमांकाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा, पोलीस व इतर खात्यांना त्या नोंदींस मज्जाव असावा, आणि नोंद पुसून टाकण्याची मुभा ज्याची ती नोंद त्यालाच असावी.

त्याच अधिनियमाने प्रत्येक राज्य सरकारवर अधिनियमभंगाच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल नेमण्याची जबाबदारी टाकली आहे. नव्या अ‍ॅपवर पुढचा रुपया खर्ची पडण्यापूर्वी या लोकपालाचे नाव, पत्ता आणि तक्रारीचा दूरध्वनी प्रत्येक तपासणी केंद्राच्या भिंतीवर ठळक मराठीत लावला जावा, एवढी मागणी शासनापाशी आहे.